पांढरीखालची बाई

चिंचठाणच्या पांढरीखाली जी बाई सापडली, तिला पाय नव्हते. बाकी सगळं शाबूत होतं. कवटी होती, बरगड्या होत्या, हातातल्या शिंपल्याच्या बांगड्यासुद्धा होत्या. घोट्याच्या वर मात्र हाड सरळ कापलेलं आणि त्यापुढे नुसती माती.

मी आठवीचा वर्ग घेऊन उत्खनन दाखवायला गेले होते. बरोबर माझी ईराही होती. ती तिसरीत, पण आईच्या वर्गाबरोबर सहल मिळत असेल तर कोण सोडतं? तिने खड्ड्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, “हिचे पाय कुठे गेले?”

उत्खननाच्या प्रमुख डॉ. नझमा मुल्ला खड्ड्यातच उकिडव्या बसल्या होत्या. हातातला कुंचला न थांबवता त्या म्हणाल्या, “कापले. मेल्यावर. तीन हजार वर्षांपूर्वी इकडे तशी रीत होती. घरातलं माणूस घरातच जमिनीखाली पुरायचं, आणि पुरताना पाय कापायचे.”

“का पण?”

“मेलेल्या माणसाने उठून कुठे जाऊ नये म्हणून असेल. खरं कारण सांगायला त्यांच्यापैकी कुणी उरलं नाही.”

“मेलेलं माणूस कशाला जाईल?” ईरा म्हणाली. आठवीची पोरं हसली. मी घड्याळ पाहिलं. डबे उघडायची वेळ झाली होती.

पांढरी म्हणजे गावाखालचं जुनं टेकाड. पीक काळ्या मातीत येतं आणि घरं पांढऱ्या मातीवर उभी राहतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती माती पांढरी का, तर तिथे हजारो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि त्यावरच पुन्हा भिंती उठल्या. चिंचठाणची पांढरी प्रवरेच्या काठची सगळ्यांत उंच. त्या वर्षी तिलाच भाव आला होता, कारण चिंचठाणचे दिवस भरले होते. खोऱ्यात नवा जलाशय होणार आणि त्यात आमचं गाव जाणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. आता खांब रोवून पाण्याची पातळी आखून झाली होती. आमच्या शाळेच्या कौलांच्याही वर तिची लाल रेघ होती.

त्यावर उतारा एकच होता, मूळवस्ती कायदा. ज्या गावाखाली प्राचीन वस्ती आहे आणि त्या वस्तीतल्या माणसांचा वंश आजही गावात राहतो आहे, ते गाव बुडवता येणार नाही, असा हा कायदा. “आम्ही इथले मूळचे” असं प्रत्येकच गाव म्हणायचं. मग कुणाचं खरं मानायचं? शेवटी सरकारने शास्त्राला विचारायचं ठरवलं. माणसांपेक्षा हाडं कमी खोटं बोलतात, एवढाच त्यामागचा विचार.

मला या सगळ्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. मी निघाले होते. माझा नवरा प्रवीण जाऊन तीन वर्षं झाली होती. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मला कधी वाईट बोलल्या असं नाही, पण दिवाळीनंतर त्यांनी माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाचा विषय काढलाच होता. “हर्षला, धाकट्याचं लगीन करायचं म्हंजी खोली लागंल. तू तुझं बस्तान कुठं बसतंय का बघ.” मी बघितलं. रत्नागिरीच्या सागरी विज्ञान केंद्रात शिक्षिकेची जागा मिळाली. ईराने समुद्र पाहिला नव्हता. तिने शाळेच्या पाटीवर माशांची चित्रं काढून ठेवली होती आणि आमच्या दोन ट्रंका भरून तयार होत्या.

निघायच्या आधीच्या आठवड्यात गावाची तपासणी झाली.

आठवीला जे शिकवते तेच इथे सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो, अर्धा आईचा, अर्धा बापाचा. माणूस मेलं की हा धागा तुटायला लागतो. थंड मुलखात तो टिकतो. आपल्याकडच्या उन्हात आणि ओलीत त्याचं पीठ होतं. कानामागे दगडासारखं कठीण एक हाड असतं, त्यात थोडेफार तुकडे सापडतात, तेही नशिबात असेल तर. पण पेशीत ऊर्जा तयार करणारी बारीक यंत्रंही असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्यांचा स्वतःचा एक चिमुकला डीएनए असतो आणि त्याच्या एकेका पेशीत शेकडो प्रती असतात. लग्नाच्या हजार पत्रिका छापल्या तर एखादी तरी कुणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं सापडतेच, तसा हा डीएनए टिकतो. तो फक्त आईकडून येतो. आई तो मुलाला देते आणि मुलीलाही देते, पण पुढे नेते ती फक्त मुलगी. मुलापाशी तो संपतो.

नझमा मॅडमनी आणलेलं यंत्र प्रवासी बॅगेएवढं होतं. पूर्वी ज्या कामाला काचेच्या बंद खोल्या आणि कित्येक महिने लागत, ते हे यंत्र एका दिवसात करायचं. एका बाजूने हाडाची भुकटी घालायची आणि दुसऱ्या बाजूने जिवंत माणसाची थुंकी. त्याचं नाव वंशवाचक. गावाने त्याला हाडपेटी म्हणायला सुरुवात केली.

आता गंमत पाहा. आपल्या मुलखात भरवशाने टिकतो तो तंतुकणिकांचा डीएनए, म्हणून कायदा करणाऱ्या समितीने तोच पुरावा धरला. पांढरीखालच्या हाडांतली आईची ओळ गावातल्या एखाद्या सज्ञान, कायम रहिवासी माणसात सापडली पाहिजे. मोठमोठी माणसं होती त्या समितीत. पण आपल्याकडे मुलगी गावात राहत नाही, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. प्रत्येक घरातली आईची ओळ लेकीबरोबर वेशीबाहेर जाते आणि दुसऱ्या गावची ओळ सून म्हणून आत येते. बापजाद्यांपासून शेत तेच, घर तेच, आडनाव तेच, पण आई मात्र दर पिढीला परगावची. ज्या घरांत मुलींची पाठवणी करताना सगळेच रडतात, त्या घरांतून आलेल्या माणसांनी हा कायदा केला होता.

सरपंच बापूसाहेब सगळ्यांच्या आधी थुंकले. “आमचं घराणं पांडवांच्या आधीपासून हितं हाय,” असं म्हणून थुंकले. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांच्या थुंकीत त्यांची आई निघाली, आणि आई तर शेवगावची. मग त्यांच्या भावकीने नमुने दिले. माळ्यांची आळी झाली, रामोशांची झाली, मशिदीमागची घरं झाली. कुणीच जुळेना. गावात मयत झाल्यासारखी शांतता पसरली.

माझा नमुना मी हौसेने दिला होता. यंत्र कसं चालतं ते पोरांना दाखवायला कुणीतरी थुंकायला हवंच होतं.

नझमा मॅडम शाळेच्या प्रयोगशाळेत माझी वाट पाहत उभ्या होत्या. “बाई, बसा जरा,” त्या म्हणाल्या. “जुळलं.”

“वा. कुणाचं?”

“तुमचं.”

मला हसू आलं. “मी माण तालुक्यातली, मॅडम. या गावात आले तेव्हा मला इथली नदी कुठल्या दिशेला वाहते तेही माहीत नव्हतं.”

“पेटीला ते माहीत नाही,” त्या म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. “या बाईची ओळ फार विरळा आहे. बदल इतके नेमके जुळतात की शंकेला जागाच नाही. कधीतरी तिची एखादी लेक, नात, पणती या गावातून लग्न होऊन गेली. तिची लेक आणखी पुढे. शंभराहून जास्त पिढ्या फिरत फिरत ती ओळ तुमच्या आईपर्यंत गेली. आणि तुम्ही ती परत घेऊन आलात.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. मला बाहेर जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तेवढ्यात खिडकीबाहेर बापूसाहेब दिसले. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांच्या हातात नारळ होता.

त्या दिवसापासून गाव बदललं. ज्या बायका तीन वर्षं मला पाहून कुंकवाचा करंडा पदराखाली घ्यायच्या, त्यांनी मला पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं आणि ओटी भरली. मी विधवा आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? तीन वर्षं लग्नाकार्यात मागच्या दाराने ये-जा केल्यावर पुढचा पाट मिळाला की डोळे भरून येतात. कुणाच्या तरी घरून रोज दूध यायला लागलं. वर्गातली पोरं उगाच शहाण्यासारखी वागू लागली आणि त्यामुळे शिकवायची मजाच गेली.

मी घरी आले तर ट्रंका रिकाम्या होत्या. माझे कपडे कपाटात होते, माझ्यापेक्षा सुबक घडी घातलेले.

“आत्याबाई, सोमवारी निघायचंय मला.”

“कुठं निघायचंय?” त्या भाकरी थापत होत्या. “खोली तुझीच हाय. धाकट्याला वर पत्रा टाकून देऊ. आन् त्या रत्नागिरीवाल्यांना बापूसाह्येबांनी फोन केला. बाई येत नाय म्हणून सांगितलं.”

“मला न विचारता?”

“तुला त्रास नको म्हणून,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती. त्या मायेवर ओरडायचं कसं, हे मला कळेना.

मी ईराला घेऊन तडक वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, स्टँडवर गेले. ठरवलं, आधी माहेरी जाऊ, मग पुढचं पाहू. गाडीत दोन जागा होत्या. आम्ही बसलो. चालक पंढरी माझ्या हाताखाली दहावी झालेला. त्याने आरशातून मला पाहिलं आणि गाडी बंद केली.

“बाई, रागावू नका. तुम्ही उतरता का?”

“का रे?”

“तुम्हाला न्यायचं म्हंजी सरपंचांना इचारावं लागंल.” तो कानकोंडा झाला होता. “माझं घर बी त्या रेघेच्या खालीच हाय ना, बाई.”

गाडीतली बाकीची माणसं बाहेर बघत बसली. कुणी आम्हाला हात लावला नाही, की वावगा शब्द बोललं नाही. म्हाताऱ्या कोंडाबाईने तर ईराला खाऊ दिला. आम्ही उतरलो आणि घरी चालत आलो. वाटेत भेटेल तो नमस्कार करत होता.

कायद्यात मला डांबून ठेवायचं कलम नव्हतं. मी कधीही जाऊ शकत होते. फक्त मी गेले की गाव बुडणार होतं. गावाच्या दाव्याची सुनावणी होईपर्यंत दर पंधरवड्याला ग्रामसचिवालयात जाऊन यंत्राला डोळा दाखवून हजेरी लावायची, एवढंच माझं काम. पोलीस नाही, कुलूप नाही. मी पायऱ्या उतरताना मात्र कुणी ना कुणी माझा हात धरायचं. पडले बिडले तर?

नझमा मॅडमना एकदा मी चिडून म्हटलं, “तुमच्या शास्त्राला दुसरं कुणी सापडलं नाही का?”

“शास्त्राला सगळेच सापडतात,” त्या म्हणाल्या. “तीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्या बाईचा वंश चालला, ती आज या गावातल्या एकूण एक माणसाची पूर्वज असते. बापूसाहेबांचीही आणि माझीही. कुणाच्या आजोबांच्या आईकडून, कुणाच्या आजीच्या बापाकडून. तसा हिशेब केला तर सगळं खोरं तिचंच आहे. पण या वाटेत मध्ये कुठेतरी एक पुरुष येतो आणि तिथे कायद्याचा धागा तुटतो. आईकडून लेकीकडे, न तुटता आलेला, फक्त तुमच्यात आहे.” मग त्या म्हणाल्या, “बरं, ती तरी मूळची कसली? तिच्यात जुने शिकारी आहेत, वायव्येकडून आलेले शेतकरी आहेत. नंतर आलेले गुरं हाकणारेही तिच्या नातवंडांत मिसळले असतील. आम्ही मूळचा माणूस शोधायला निघालो आणि पहिलं काय कळलं, तर सगळेच कुठून ना कुठून आलेले.”

“मग हे समितीला सांगा.”

“सांगितलं होतं. ते म्हणाले, मॅडम, कायद्याला एक रेघ लागते.”

संक्रांतीच्या सुमाराला आत्याबाई माझ्या खोलीत आल्या. त्या सहसा येत नसत. ईरा झोपाळ्यावर होती, तिला त्यांनी हळदीकुंकवाची तयारी बघायला पिटाळलं आणि माझ्यासमोर बसल्या.

“तू रागावलीयस.”

मी वह्या तपासत राहिले.

“माझं म्हायेर ठावं हाय ना तुला? पहिल्या धरणात गेलं. मी नवी नवरी व्हते. समद्या बाया पंचमीला म्हायेरी जायाच्या. मी काठावर जायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या उंबऱ्याचा दगड दिसतो. तेवढं बघायचं आन् माघारी यायचं. माझ्या आईला नव्या गावात कुनी वळखीचं नव्हतं. वरसाच्या आत गेली.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “आता ह्या वयात मला दुसऱ्यांदा बुडवू नको, पोरी.”

त्या पहिल्यांदाच मला पोरी म्हणाल्या होत्या. माझा राग गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. रागावलेल्या माणसाला निघून जाता तरी येतं.

“पर एक हाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मावशीची सोनल. तिच्यात बी तेच असंल ना? तूच शाळेत शिकवलंस म्हनं. भनीभनीत तेच असतंय, मावसभनीत बी तेच असतंय. शेजारच्या वैशालीच्या पोरानं सांगितलं, तुझ्याच वर्गात हाय तो.”

शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं.

“धाकट्याला सोनल करून घेऊ. ती हितं नांदंल. मग तू मोकळी. ईराला घ्यायचं आन् कुठं जायचं तिथं जा. मी सोता वेशीपातूर येईन घालवायला.”

मला त्या रात्रीपासून नीट श्वास घेता येऊ लागला, हे मी लपवत नाही. मी सोनलला फोन केला. ती बावीस वर्षांची, वनस्पतीशास्त्र शिकलेली, नोकरी शोधून कंटाळलेली. मी सगळं सांगितलं, हजेरीचंसुद्धा. ती म्हणाली, “ताई, कुठेतरी द्यायचंच आहे मला. निदान तिथे मान तरी मिळेल. मुलगा चांगला आहे ना?” मुलगा चांगलाच होता. मावशीला आनंद झाला. साखरपुडा सुनावणीच्या दिवशीच उरकायचा ठरला, म्हणजे अधिकाऱ्यासमोर नवी रहिवासी उभी करता येईल. रत्नागिरीची जागा अजून रिकामी होती. मी ट्रंका पुन्हा भरल्या. या वेळी आत्याबाईंनी घड्या घालायला मदत केली.

सुनावणीच्या आदल्या दुपारी नझमा मॅडम पुण्याहून आल्या. शाळा सुटली होती. त्यांनी माझ्या टेबलावर एक दात ठेवला. काचेच्या नळीत, कापसावर.

“तिचा आहे,” त्या म्हणाल्या. “दातांचं कवच लहानपणी तयार होतं आणि मग बदलत नाही. ज्या जमिनीत पिकलेलं खाल्लं, जिथलं पाणी प्यायलं, त्या खडकाची खूण त्यात कायमची बसते. इथे सगळा सह्याद्रीचा काळा पाषाण. तिच्या दातात त्याची खूण नाही. फार जुना, वेगळा खडक आहे. वैनगंगेच्या पलीकडचा असेल, नाहीतर खाली तुंगभद्रेकडचा. अक्कलदाढ चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत घडत असते. तिच्या अक्कलदाढेतही तोच परका खडक आहे.”

मला समजायला वेळ लागला नाही. “म्हणजे ती इथे मोठी होऊन आली.”

“सून म्हणून आली असणार. सांगता येत नाही, पण दुसरं काय असेल?” त्यांनी पर्समधून दुसरी नळी काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. “आणि ही तिच्या शेजारची. त्याच घराच्या जमिनीखाली, मागच्या महिन्यात सापडली. वयाने लहान. आईची ओळ तीच. दातातला खडकही तोच, परका. लेक नव्हे, लेक असती तर इथल्या पाण्यावर वाढली असती. बहीण असेल, नाहीतर मावसबहीण. मागाहून आणलेली.”

“पाय?”

त्यांनी दोन्ही नळ्या माझ्याकडे सरकवल्या. “नाहीत.”

मी दोन्ही नळ्या हातात घेतल्या. दातांना वजन असं काही नव्हतंच. बाहेर मांडव घालायचं काम चाललं होतं आणि सोनल आल्याचा गलका ऐकू येत होता. ईरा ओरडत होती, “सोनलमावशी आली, सोनलमावशी आली.”

सुनावणी शाळेच्याच सभागृहात होती. अधिकाऱ्याला सर्दी झाली होती आणि तो दर वाक्याला रुमाल काढत होता. सगळं गाव जमलं होतं. जागा न मिळालेले खिडक्यांना लटकले होते. सोनलने नवी पैठणी नेसली होती, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या अजून सैल होत्या.

माझी पाळी आधी आली. मी उभी राहिले आणि दातांबद्दल सगळं सांगितलं. ती बाई इथली नव्हती, तीही सूनच होती, हे मी वर्गात सांगते तसं सावकाश, स्पष्ट सांगितलं. खाली कुजबुज झाली. मला वाटलं, आता रेघ पुसली जाईल, आता सगळेच सुटतील, नाहीतर सगळेच बुडतील, पण हे जोखड तरी एका बाईच्या मानेवर राहणार नाही.

अधिकाऱ्याने नाक पुसलं. “बाई, ते अहवालात आहे. कायदा फक्त आईची ओळ विचारतो. ती कुठून आली हे विचारत नाही.” मग त्याने सोनलकडे पाहिलं. “तुम्ही विवाहानंतर इथे कायम वास्तव्य कराल?”

सोनल हसली आणि उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं.

“तिला विचारू नका,” मी म्हणाले.

सोनल माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, “ती राहणार नाही. हे लग्न होणार नाही. मावशी, तिला घेऊन जा.”

बापूसाहेब उठले. “मग ईरा. ती मोठी हुईल. तिच्या नावानं…”

“ईराही राहणार नाही.”

दोन वेळा नाही म्हणून झालं होतं. तिसरं माझं स्वतःचं राहिलं होतं. ते म्हणायलाच मी उठले होते, देवाशपथ. मी समोर पाहिलं. पंढरी होता. कोंडाबाई होती. माझी आख्खी आठवी होती, खिडकीत एकावर एक चढलेली. आत्याबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या खिडकीतून बाहेर, नदीच्या बाजूला बघत होत्या, काठावर उभं राहून बघावं तशा. त्यांनी मला अडवण्यासाठी काहीही केलं नाही. काही केलं असतं तर ते तिसरं नाही माझ्या तोंडून सहज निघालं असतं.

“मी राहीन,” मी म्हणाले.

अधिकाऱ्याने शिंक आवरली. “तुमच्या हयातीपुरती मान्यता देता येईल. पुढचं पुढे.”

माझ्या हयातीपुरती. म्हणजे आता गाव माझ्या नाडीवर चालणार होतं. कुणीतरी रडायला लागलं आणि मग सगळेच रडायला लागले, आनंदाने.

चार दिवसांनी ईरा निघाली. सोनल तिला आधी रत्नागिरीला नेऊन समुद्र दाखवणार आणि मग माझ्या आईकडे सोडणार होती. सोनल माझ्याशी फारसं बोलली नव्हती. ती रागावली आहे की सुटली आहे, हे तिचं तिलाही अजून ठरवता आलं नसावं. पंढरीने गाडी थेट दारात आणली.

पण गावाने त्याच सकाळी माझी पाद्यपूजा ठरवली होती. अंगणात चौरंग मांडला होता. त्यावर मला बसवलं, पायांखाली पितळी परात ठेवली. सगळ्यांत आधी आत्याबाई आल्या. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, आणि डोकं टेकवून तशाच राहिल्या. सासूने सुनेच्या पाया पडायचं, असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मी त्यांना उठवायला वाकले तर त्यांनी माझे घोटे दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. मी पाय मागे घेतले नाहीत.

मग बापूसाहेब. मग पंढरी, गाडी चालू ठेवून. मग भावकी, मग आळ्या एकामागून एक. प्रत्येकाने ओंजळभर झेंडू आणला होता. परात भरली, चौरंगाच्या कडेपर्यंत ढीग आला.

ईरा दप्तर पाठीला लावून गाडीत बसली होती. ती उतरून रांगेतून घुसत माझ्यापाशी आली आणि परातीत बघू लागली. बराच वेळ बघत राहिली.

“आई, पाय बाहेर काढ ना,” ती म्हणाली. “मला सोडायला वेशीपर्यंत येणार होतीस.”

“आलेच,” मी म्हणाले. “एवढे झाले की आलेच.”

पुढच्या माणसाने वाकून फुलं वाहिली. त्याच्यामागे रांग अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून वेशीपर्यंत गेली होती.